स्कर्टिंग काढलं तो आठवडा

प्रश्न मी विचारत होते आणि तो उत्तरं माझ्या नवऱ्याला देत होता.

स्टॅनमोरच्या आमच्या घराची पुढची खोली. फेब्रुवारीतली सकाळ. कार्पेट आदल्या दिवशीच उचलून बाहेर टाकलं होतं, त्यामुळे खोली उघडी-बोडकी दिसत होती. दारात उभ्या असलेल्या व्हॅनमध्ये बांबूच्या फ्लोअरिंगचे खोके होते आणि खोलीच्या मधोमध फिटर उभा होता. चाळिशीचा, नीटनेटका, कानामागे पेन्सिल. मी विचारलं, की आधी स्कर्टिंग काढणार ना? त्याने नवऱ्याकडे बघून सांगितलं, की गरज नाही. मग भिंतीच्या कडेने जागा किती सोडणार, असं मी विचारलं. त्याने पुन्हा नवऱ्याकडेच बघून सांगितलं, की काळजी करू नका, फळ्या थेट स्कर्टिंगला भिडवतो, मधे कागदसुद्धा जाणार नाही.

स्कर्टिंग म्हणजे भिंतीच्या पायथ्याला चारी बाजूंनी बसवलेली लाकडी फळी. आमचं घर दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचं, त्यामुळे ती चांगली वीतभर उंच होती, इंचभर जाड, आणि साठ वर्षांत तिच्यावर रंगाचे इतके थर चढले होते की तिच्या कडा गोल झाल्या होत्या. नवीन जमीन घालायची तर आधी ही फळी काढायची, जमीन भिंतीपासून बोटभर आत थांबवायची आणि मग फळी पुन्हा तिच्या जागी लावायची, म्हणजे ती मोकळी जागा झाकली जाते. ज्याला स्कर्टिंग काढायचं नसेल त्याने निदान जागा तरी सोडावी आणि वरून बारीक पट्टी मारावी. हे मी त्याला इंग्रजीत, सावकाश, नीट सांगितलं. लाकूड दमट हवेत फुगतं, त्याला सरकायला जागा लागते.

तो हसला. वाईट नव्हता हसला, पण लहान मुलाला समजवावं तसा हसला. म्हणाला, बांबू लाकूड नाहीच मुळी, ते गवत आहे, ते हलत नाही. आणि या जुन्या घरांची स्कर्टिंग काढायला गेलं की सगळा गिलावा खाली येतो, एक दिवस जास्त जातो, आणि तुमच्या मिसेसनाच ती घाण आवडणार नाही.

शेवटचं वाक्य अर्थातच नवऱ्याला उद्देशून होतं.

मी नवऱ्याला मराठीत म्हटलं, की हा चुकीचं सांगतोय, त्याला थांबवा. आणि नवरा, फिटरकडे बघून जरासा हसत, मला खालच्या आवाजात म्हणाला, "अगं, तुझ्या वडिलांनी शाळेतल्या मुलांना स्टुलं करायला शिकवली. हा माणूस हे काम रोज करतो. त्याला करू दे."

मग त्याला इंग्रजीत म्हणाला, की तुम्ही सुरू करा. आणि गाडीची किल्ली घेऊन हॉस्पिटलला निघून गेला.

माझे वडील सांगलीला एका टेक्निकल हायस्कुलात सुतारकाम शिकवायचे. तीस वर्षं शिकवलं त्यांनी. शाळेच्या मागे लांबलचक पत्र्याचं वर्कशॉप होतं आणि रविवारी ते मला तिथे घेऊन जायचे, कारण इतर दिवशी तिथे मुलींना जागा नव्हती. दहाव्या वर्षी मला रंधा मारता यायचा. पटाशीला धार लावता यायची. फळीचे तंतू कुठल्या दिशेने पळतात हे हाताने चाचपून सांगता यायचं. वडिलांचा कपाट करताना पहिला प्रश्न असायचा, की हे पावसाळ्यात किती फुगेल. आमच्या घरातली सगळी दारं त्यांनी केलेली होती आणि जुलैतसुद्धा एकही अडकायचं नाही.

लग्न करून मी इकडे विलायतेत आले ती ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला. नवरा हाडांचा डॉक्टर, ट्रेनिंगमध्ये. सहा महिने एका गावात, वर्षभर दुसऱ्या, राहायला हॉस्पिटलची क्वार्टर्स. तिथले नियम भिंतीवर चिकटवलेले असायचे आणि त्यात एक ठरलेला असायचा: भिंतीत खिळा मारायचा नाही. दहा वर्षं मी अशा घरांमध्ये काढली. कॅलेंडर टेबलावर उभं करून ठेवायचे. एकदा डुगडुगणारा किचन स्टूल मी उलटा करून पाय काढून नीट बसवत होते, तर नवरा म्हणाला, की शेजारचे बघतील, वॉर्डनला सांग, तो माणूस पाठवेल. तेव्हा मला वाटलं, परक्या देशात तो जपून वागतोय. मग स्टॅनमोरला घर घेतलं, आणि मित्रमंडळी येऊ लागली, सगळे डॉक्टर, आणि एका शनिवारी जेवताना कोणीतरी माझ्या माहेरची चौकशी केली. मी तोंड उघडायच्या आत नवरा म्हणाला, "हिचे वडील इंजिनियरिंगला शिकवायचे."

हातात पुऱ्यांचं ताट होतं, ते मी पुढे केलं. आजही मला सगळ्यात जास्त राग येतो तो त्या पुढे केलेल्या ताटाचा.

तर फिटरने सुरू केलं. खोके व्हॅनमधून आणले, गारठलेले, आणि खोलीच्या हवेत दोन-चार दिवस उघडे न ठेवता दुपारपर्यंत अर्धी खोली घातलीसुद्धा. हीटिंग चालू, हवा कोरडी ठणठणीत. फळ्या एकमेकींत खाचेत बसवून, गोंद लावून, वरून ठोकत तो पुढे सरकत होता. शेवटची ओळ त्याने लोखंडी पट्टीने ओढून स्कर्टिंगला अशी आवळली, की मला दारात उभं राहून बघवेना. मी स्वयंपाकघरात गेले आणि भांडी घासत बसले. धुतलेलीच.

दिसायला जमीन सुंदर होती, हे कबूल करते. मधाच्या रंगाची, बांबूची पेरं आडवी दिसणारी. मुलीला दमा होता, कार्पेटमुळे तो वाढतोय असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, म्हणून हा सगळा खटाटोप. आणि खरोखरच वसंतात तिचा पंप कमी वेळा लागला. नवरा आल्यागेल्याला जमीन दाखवायचा. तेव्हा बांबू नवीनच आला होता, लोक वाकून हात लावून बघायचे.

मे महिन्यात सासूबाई पुण्याहून सहा महिन्यांसाठी आल्या. सत्तरीच्या, बारीक, ताठ. त्यांनी बूट काढून त्या जमिनीवर पाऊल ठेवलं, खाली बघितलं आणि विचारलं, की हे कशाचं आहे. मुलगा अभिमानाने म्हणाला, बांबूचं. त्या म्हणाल्या, "आपल्याकडे माणूस एकदाच बांबूवर झोपतो. तुम्ही सोफा ठेवलात." आणि सोफ्यावर जाऊन बसल्या.

जूनमध्ये आवाज सुरू झाले. सकाळी कोणी चाललं की कुरकुर. जुलै दमट गेला, नुसता पाऊस आणि खिडक्या उघड्या. एके दिवशी मुलगी शाळेतून आली आणि तिच्या मराठीत म्हणाली, "आई, जमीन फुगला."

खरंच फुगली होती. खिडकीपासून फायरप्लेसपर्यंत खोलीच्या मधोमध एक उंचवटा उठला होता. कॉफी टेबल एका बाजूला कललं होतं. पाय दिला की जमीन दबायची आणि सोडला की पुन्हा वर यायची. चारी बाजूंनी स्कर्टिंगने आवळलेली, बाहेर जायला जागा नाही, मग जाणार कुठे? वर. मला आश्चर्य वाटलं नाही. वाईटही नाही वाटलं. राग आला, आणि त्याबरोबर, खोटं कशाला बोलू, थोडा आनंदही झाला.

नवऱ्याने फिटरला फोन केला. तो दोन आठवड्यांनी आला, खाली वाकला, बोटांनी टकटक केलं, आणि उभा राहून नवऱ्याला म्हणाला, की हे पाण्याने झालंय. तुमच्या लोकांमध्ये जमीन पाणी ओतून धुवायची पद्धत असते, मी बऱ्याच घरांमधून बघितलंय.

मी तिथेच उभी होते. त्याच्यापासून चार फुटांवर. मी नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होते. वाटलं, आता हा काहीतरी बोलेल. वीस वर्षं या देशातल्या हॉस्पिटलमध्ये काढलेला माणूस, 'तुमच्या लोकांमध्ये' याचा अर्थ त्याला चांगला कळत होता. त्याची मान लाल झालेली मला दिसली.

तो माझ्याकडे वळला आणि त्याने विचारलं, "तू पाणी ओतलंस का?"

त्याने तोच प्रश्न पुन्हा विचारला, या वेळी इंग्रजीत, फिटरला कळावा म्हणून. मी खोलीतून बाहेर पडले. फिटर काहीही न करता निघून गेला. संध्याकाळी नवरा म्हणाला, की मी फक्त विचारलं, त्यात एवढं काय. मी त्या दिवशी आणि पुढचे कित्येक दिवस त्याच्याशी फक्त कामापुरतं बोलत होते: दूध संपलंय, मुलीला आणायला जायचंय, फोन आहे.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी दहाच्या सुमारास, सासूबाई चहाचा कप घेऊन पुढच्या खोलीत गेल्या आणि त्या उंचवट्याला अडखळून पडल्या. हात टेकला तो मनगटातच मोडला. मी धावत गेले तर त्या बसलेल्या होत्या, हात मांडीवर धरून, आणि पहिलं वाक्य बोलल्या ते, की कप फुटला गं.

मनगटाला प्लास्टर घातलं ते नवऱ्याच्याच हॉस्पिटलात. घरी आल्यावर तो आईला म्हणाला, की जरा पाय उचलून चालत जा ना. मी स्वयंपाकघरात होते, दार उघडं होतं. सासूबाईंचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला. त्या म्हणाल्या, "मला जमिनीवरून चालता येतं. सत्तर वर्षं चालतेय. ही सांगत होती तेव्हा ऐकलं असतंस तर जमीन जमिनीसारखी राहिली असती."

मी त्यांना फिटरचं काही सांगितलं नव्हतं. नंतर विचारलं, तर म्हणाल्या, नातीने सांगितलं. मुलगी त्या सकाळी जिन्यात बसून सगळं ऐकत होती म्हणे.

मी हॅरोच्या कौन्सिलच्या लायब्ररीत काम करायचे. दुसऱ्या दिवशी मी फोन करून आठवड्याची रजा घेतली. मुलगी मैत्रिणीच्या घरच्यांबरोबर सुट्टीला गेली होती. नवरा साडेसातला निघाला. आठ वाजता मी हार्डवेअरच्या दुकानात होते. रुंद छिन्नी घेतली, कटावणी घेतली, चांगली पकड, दोन पटाशा, धारेचा दगड, धारदार चाकू आणि नक्षीकामाची बारीक करवत.

घरी आल्यावर सासूबाईंनी पिशवीत डोकावून बघितलं आणि विचारलं, की हे कोणाला मारायला. मी म्हटलं, स्कर्टिंग काढतेय. त्या म्हणाल्या, मला एक खुर्ची आणून दे.

सुरुवात दाराशेजारच्या भिंतीपासून केली. आधी चाकूने स्कर्टिंगच्या वरच्या कडेवरची रंगाची रेघ कापायची, नाहीतर फळीबरोबर भिंतीचा रंगही सोलून येतो. मग छिन्नी फळीच्या आणि भिंतीच्या मधे ठोकून थोडी फट करायची. त्या फटीत कटावणी घालायची, पण तिच्या मागे प्लायवूडचा तुकडा ठेवायचा, म्हणजे जोर गिलाव्यावर येत नाही. आणि घाई करायची नाही. खिळा असेल तिथे शोधत, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, थोडं थोडं सैल करत जायचं. हे सगळं मला येत होतं. हातांना येत होतं. तरी पहिल्या फळीला मी घाई केली. दात आवळून कटावणी अशी दाबली की टिचभर गिलावा धपकन खाली आला आणि फळीचं टोक चिरलं. त्या दाबण्यात फिटर होता, नवरा होता, पुऱ्यांचं ताट होतं.

सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या, "भिंतीने काय केलंय तुझं?"

मी थांबले. पाणी प्यायले. दुसरी फळी अखंड निघाली.

निघालेल्या प्रत्येक फळीचे खिळे मी मागच्या बाजूने पकडीने ओढून काढत होते. पुढून ठोकून काढले तर रंगाचा टवका उडतो. सासूबाई डाव्या हातात प्लास्टर आणि उजव्या हातात खडू घेऊन फळ्यांच्या पाठीवर आकडे लिहीत होत्या. एक, दोन, तीन. खिडकीखालच्या तीन तुकड्यांवर त्यांनी 'खि' लिहिलं. काम करता करता त्या बोलत होत्या. मॅट्रिकला त्या गणितात शाळेत पहिल्या आल्या होत्या, पुढे शिकायचं होतं, पण लग्न ठरलं. मुलाला दहावीपर्यंत गणित त्यांनी शिकवलं. "कोणाला सांगतो का तो?" त्यांनी विचारलं. "सगळ्यांना सांगतो, क्लास लावला होता." हे त्या रागाने बोलल्या नाहीत. खडू झटकत बोलल्या. राग मलाच आला, दोघींच्या वाटचा.

दुपारी दोनच्या सुमाराला मी बाजूच्या भिंतीवरची लांब फळी सैल करत होते. ती सुटली आणि जमिनीतून मोठा आवाज आला, जाड काठी मोडावी तसा. आम्ही दोघी दचकलो. बघितलं तर उंचवटा दोन बोटं खाली बसला होता. आमच्या डोळ्यांदेखत ती जमीन भिंतीकडे सरकत होती. फळीमागची इंचभर जागा मोकळी झाली होती आणि तिला नेमकी तेवढीच हवी होती.

सासूबाई खुर्चीतून उठल्या, पायाच्या अंगठ्याने जमीन दाबून बघितली आणि पुन्हा बसल्या. म्हणाल्या, "इतकंच होतं होय."

नवरा साडेसहाला आला. हॉलमध्ये फळ्यांची रास, धूळ, पडलेला गिलावा, माझे केस पांढरे. तो दारातच उभा राहिला. मग म्हणाला, की हे काय केलंस, माणूस बोलावला असता ना दुसरा. लोक काय म्हणतील, डॉक्टरच्या घरात बायको सुतारकाम करते?

मी कटावणी खाली ठेवली. मला ओरडायचं होतं, पण आवाज निघाला तो अगदी साधा. मी म्हटलं, "सुताराची मुलगी आहे. सुतारकाम करणारच. माझे वडील इंजिनियरिंगला शिकवत नव्हते. तुम्हाला लाज वाटली तेव्हा मी गप्प बसले, ती माझी चूक. आणि त्या माणसाने आपल्या सगळ्यांचा अपमान केला, तेव्हा तुम्ही त्याला नाही विचारलंत, मला विचारलंत. हे मी विसरणार नाही. आता बाजूला व्हा, मला झाडायचंय."

तो आईकडे बघायला लागला. सासूबाई भिंतीकडे बघत होत्या. तो वर निघून गेला आणि जेवायला आला नाही.

पुढचे दोन दिवस त्याच तालात गेले. फायरप्लेसपाशी स्कर्टिंग नव्हतंच, तिथे फिटरने फळ्या थेट दगडाला आवळल्या होत्या. तिथे बोटभर बांबू कापून काढणं भाग होतं. करवत वळायला जागा नाही, म्हणून पटाशीने, तासून तासून. बांबू फार चिवट. गवत आहे म्हणणाऱ्याला आणून गुडघ्यांवर बसवायला हवं होतं. दर पाच मिनिटांनी धार जायची, मी पुन्हा दगडावर लावायचे. तळहाताला फोड आले. तिथे मात्र शेवटी पट्टी मारावीच लागली. तिसऱ्या दिवशी जमीन सपाट होती. सासूबाईंनी तिच्यावर गोटी ठेवून बघितली. गोटी जागची हलली नाही.

आता फळ्या परत लावायच्या. लांब फळ्या सोप्या गेल्या. जुन्या खिळ्यांच्या जागी भिंतीत बसवलेले लाकडाचे ठोकळे होते, बहुतेक शाबूत. नवीन खिळे त्यांत जायचे. फक्त खिळे भिंतीत मारायचे, जमिनीत नाही, म्हणजे जमीन खालून मोकळी सरकते. पण कोपऱ्यात माझं घोडं अडलं. नवीन जमीन जुनीपेक्षा उंच, त्यामुळे फळ्या थोड्या वर सरकल्या होत्या आणि कोपऱ्यातले जुने सांधे जुळेनात. मी दोन्ही टोकं तिरपी कापून बघितली, तर मधे फट. पुन्हा कापलं, आणखी फट. फळी आखूड झाली ती कायमची.

मी सांगलीला फोन लावला. वडिलांना ऐकू कमी यायचं, त्यामुळे मला सगळं दोनदा ओरडून सांगावं लागलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, की जावईबापूंना कशाला बसवलंस त्या कामाला, त्यांचे हात ऑपरेशनचे.

मी म्हटलं, "अण्णा, मी करतेय. मी एकटी."

क्षणभर मला त्यांचाही राग आला, की रविवारी मला हे सगळं शिकवलं कशासाठी होतं मग? तेवढ्यात ते म्हणाले, "पटाशीला धार आहे का?"

आहे, मी म्हटलं.

मग त्यांनी सांगितलं. दोन्ही टोकं तिरपी कापू नकोस, जुन्या घराचा कोपरा कधी गुण्यात, काटकोनात, नसतो. एक फळी सरळ भिंतीपर्यंत ने. दुसरीच्या टोकावर पहिलीचा आकार पेन्सिलने गिरव आणि बारीक करवतीने तो कापून काढ, मागून थोडा जास्त काप. म्हणजे दुसरी फळी पहिलीला मिठी मारून बसेल. मग म्हणाले, की कापायच्या आधी तुकड्यावर करून बघ, तुला घाई असते.

आखूड झालेल्या फळीच्या बदल्यात एक नवीन आणायला मी एजवेअरच्या लाकडाच्या वखारीत गेले. काउंटरवरच्या माणसाने विचारलं, की तुमच्या मिस्टरांना किती लांबीची हवीय? मी म्हटलं, मला साडेआठ फूट हवीय. त्याने मान वर करून बघितलं, कपड्यांवरची भुकटी त्याला दिसली असावी, आणि मग नीट बोलला. पहिला कोपरा तुकड्यावर करून मग फळीवर केला. बसला. चौथ्या कोपऱ्यापर्यंत माझा हात इतका सरावला होता की मला तो थांबवावासा वाटेना. पडलेला गिलावा भरला, खिळ्यांची डोकी आत ठोकून पुटीने झाकली, रंग दिला.

नवऱ्याने माफी मागितली नाही. एका सकाळी हॉस्पिटलला जाताना तो पुढच्या खोलीत गेला, खाली बसून कोपऱ्यावरून अंगठा फिरवला, आणि उठून गेला. मी जिन्यावरून बघत होते, त्याला माहीत नव्हतं. प्लास्टर सुटल्यावर सासूबाई रोज त्या खोलीत येरझाऱ्या घालायच्या, मुलगा घरी असला की जरा जास्तच.

दिवाळीच्या फराळाला नेहमीची मंडळी आली. मिल्टन कीन्सहून आलेल्या एकाने जमिनीचं कौतुक केलं; त्याच्या घरची बांबूची जमीन फुगून वर आली होती, त्याला फिटरचा नंबर हवा होता. नवऱ्याने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं, की फिटरचं काम मी काढून नीट केलं, स्कर्टिंगसकट. त्याला गंमत वाटली, कुठे शिकलात, त्याने विचारलं. माझे वडील सांगलीला शाळेत सुतारकाम शिकवायचे, मी म्हटलं. दोघं-तिघं नवऱ्याकडे बघू लागले, कारण त्यांना इंजिनियरिंग आठवत होतं. तो चकलीचा डबा घेऊन स्वयंपाकघरात गेला आणि बराच वेळ आला नाही. मला वाटलं होतं, हे बोलल्यावर मोकळं वाटेल. तेवढं नाही वाटलं. मिल्टन कीन्सच्या माणसाला मात्र मी कागदावर सगळं काढून दिलं.

पुढच्या वसंतात मागच्या खोलीतही बांबू घालायचं ठरलं. मी सांगितलं, की फिटर नको. खोके आणून आठवडाभर खोलीत उघडे ठेवले. ज्या सकाळी मी स्कर्टिंग काढायला बसले, त्या सकाळी नवरा कोट घालून दारात उभा राहिला, जात नव्हता. शेवटी त्याने विचारलं, की मी काही धरू का.

त्याला हो म्हणावं असं मला वाटलं. पण तोंडून निघालं, "तुम्ही जा, तुमचं क्लिनिक आहे." तो गेला. गाडी कोपऱ्यावरून वळल्याचा आवाज आला आणि मी चाकूने रंगाची रेघ कापायला घेतली.